वगळलेल्या तीन शेतांची नोंद

सरोजिनीताई येमुल यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला दहा मिनिटे उभे ठेवले होते. पस्तीसएक वर्षे झाली त्याला. सोलापूर शहराबाहेर कोरडवाहू पिकांच्या चाचण्या घेणारे एक लहानसे सरकारी केंद्र तेव्हा होते. मी तिथे संशोधन सहायक म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी मला जुने अहवाल आणायला ग्रंथालयात पाठवले. ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटे, मध्ये टेबल आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर ग्रंथपाल म्हणून ताई बसल्या होत्या. दुसरीवर खांद्यावर घोंगडे टाकलेले एक वृद्ध मेंढपाळ होते. ताई इंग्रजी अहवालाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांना मराठीत सांगत होत्या.

"थांबा की बाई," मेंढपाळ म्हणाले. "कंचा पाला म्हनला? त्यो वाळवून घातला तर चालतंय का न्हाय?"

मी घाईने म्हणालो, "साहेबांना अहवाल लगेच हवे आहेत."

ताईंनी मान वर केली. "हे सांगोल्याहून एसटीनं आलेत. तुमचे साहेब शेजारच्याच खोलीत आहेत. जरा थांबा."

मी थांबलो, आणि खरे सांगायचे तर मनातून चिडलो. मेंढपाळ उठले तेव्हा ताईंनी वाचकांच्या नोंदवहीत त्यांचा अंगठा घेतला आणि 'पदनाम' या रकान्यात 'मेंढपाळ' असे लिहिले. मग मला अहवाल काढून दिले. गाव विचारले. मी वळसंग सांगितल्यावर म्हणाल्या, "तुमच्या शिवारात आमच्या चाचण्या होतात. त्यांचं काय झालं ते गावात कुणाला ठाऊक आहे का, एकदा विचारून या." मला विचारायला जाण्याची गरज नव्हती. मी त्याच गावचा, शेती विषयातला पदवीधर, आणि असे केंद्र आहे हे मला नोकरीच्या जाहिरातीवरून कळले होते.

ताईंनी यंदा वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. त्यांच्याविषयी लिहायला या गौरव अंकाच्या संपादक मंडळाने मला सांगितले हा मी माझा सन्मान समजतो. त्यांचे सहकारी माझ्याहून ज्येष्ठ आहेत, अभ्यासूही आहेत. पण ताईंच्या आयुष्यातल्या एका अवघड प्रसंगाला कारण मी झालो होतो, आणि तो प्रसंग दुसऱ्या कोणी लिहिणे बरे नव्हे.

ताईंचा जन्म सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू भाषक घरातला. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळत. गल्लीत कुणाकडे सरकारी पत्र आले की ते या शाळेत जाणाऱ्या मुलीकडे वाचायला येई. एका शेजारणीचे पत्र मात्र तिच्याकडे वाचायला आलेच नाही. त्यांनी ते सुरक्षित राहावे म्हणून ट्रंकेत ठेवले. दवाखान्याच्या कार्डाची मुदत त्यात लिहिलेली होती. पत्र वाचले गेले तोवर मुदत उलटली होती. ताईंनी मला हे एकदा सांगितले आणि वर म्हणाल्या, "माहिती सरकारनं पाठवली होती, घरात आली होती, आणि तरी पोचली नव्हती." कृषिविस्ताराच्या प्रशिक्षणवर्गात हेच मी पुढे लांबलचक वाक्यांत ऐकले.

केंद्राच्या प्रत्येक अहवालावर 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' असा शिक्का मारला जाई. हा शिक्का कोणत्या नियमाने मारतात, असे ताईंनी विचारले. कुणालाच सांगता येईना. शिक्का मारणारे कर्मचारी म्हणाले, "पहिल्यापासून मारतोय की." ताईंनी वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिले, मग स्मरणपत्र, मग आणखी दोन स्मरणपत्रे. अखेर उत्तर आले की मोजके गोपनीय विषय सोडता बाकीचे अहवाल कुणालाही वाचायला द्यायला हरकत नाही. त्या दिवसापासून शिक्का खणात गेला. लोकांच्या करातून झालेले काम लोकांना दाखवायचे नाही, ही कल्पनाच ताईंना समजत नसे. पण दार उघडे ठेवल्याने माणसे आत येतात असे नाही, हेही त्यांना माहीत होते. म्हणून त्या प्रत्येक अहवालाचा एका पानाचा सारांश सोप्या मराठीत तयार करू लागल्या. तो ग्रामपंचायतींच्या फलकावर लागे, आठवडी बाजारात वाटला जाई. आमच्या भागात अनेकांच्या घरी कानडी बोलतात. तेव्हा एका रविवारी ताई वळसंगला आमच्या घरी आल्या आणि माझ्या आईसमोर वही उघडून बसल्या. ज्वारीला कानडीत जोळ म्हणतात एवढे त्यांना ठाऊक होते, बाकीचे आईने शिकवले. ताईंचे उच्चार ऐकून आई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि ताईही हसत हसत तोच शब्द पुन्हा म्हणत होत्या. पुढे सारांश कानडीतही निघू लागला.

आता तो प्रसंग. माझ्या नोकरीचे तिसरे वर्ष होते. रब्बी ज्वारीच्या एका नव्या वाणाची चाचणी आम्ही बारा शेतकऱ्यांच्या शेतांत घेतली. नऊ शेतांत पीक नजर लागावी असे आले. उरलेली तीन शेते मुरमाड, हलक्या जमिनीची. तिथली ओल लवकर संपली. कणसे बाहेर पडली, पण दाणे पोचट राहिले. मी सगळे नोंदवहीत लिहिले होते. अहवाल लिहिताना साहेब म्हणाले, "ती तीन शेतं वगळा. पेरणी उशिरा झाली असणार. एवढ्या चांगल्या वाणाला उगाच गालबोट कशाला?"

पेरणी वेळेवर झाली होती. मी स्वतः बांधावर उभा होतो. तरी मी तीन शेते वगळली. अहवाल नऊ शेतांचा झाला, त्याचे कौतुकही झाले.

ताईंची एक पद्धत होती. अहवाल ग्रंथालयात दाखल करून घेताना त्या मूळ नोंदवहीही मागून घेत आणि दोन्हींना एकच क्रमांक देत. "अहवाल म्हणजे तुम्ही काय म्हणता ते. नोंदवही म्हणजे काय झालं ते. दोन्ही शेजारी राहू देत," असे त्या म्हणत. त्याप्रमाणे मी नोंदवही दिली. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्या दोन्ही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"बिराजदार, नोंदवहीत बारा शेतं आहेत. अहवालात नऊ. तीन शेतं कुठं गेली?"

"ती वगळली, ताई. साहेब म्हणाले, पेरणी उशिरा झाली होती."

त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे ठेवली. "हे अक्षर तुमचंच ना? पेरणीची तारीख इथं आहे. बाकीच्यांच्या बरोबरीनंच झालीय."

मी नोंदवही मिटली. मग जे खरे कारण होते ते सांगितले. "ताई, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही."

मला वाटले आता उपदेश होईल. ताई समोरची खुर्ची ओढून बसल्या. "ठाऊक आहे मला. म्हणूनच आधी तुमच्याकडे आले, साहेबांकडे नाही. मला फक्त एक सांगा. वळसंगात ज्याची जमीन मुरमाड आहे, त्यानं हा कागद वाचून हे बी पेरलं तर?"

आमची स्वतःची निम्मी जमीन मुरमाड होती. हे ताईंना माहीत नव्हते. मी ते सांगितलेही नाही.

"अहवालाला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "त्या तीन शेतांची नोंद जशी आहे तशी वेगळ्या पानांवर उतरवा. आपण ते परिशिष्ट म्हणून जोडू. नोंदवहीवरून पडताळलं, अशी सही मी करते. साहेबांशीही मीच बोलेन."

मी लगेच ते केले असते तर हा लेख लिहिताना मला बरे वाटले असते. मी आठ दिवस ग्रंथालयाच्या बाजूला फिरकलो नाही. ताईंनीही निरोप पाठवला नाही, वाटेत भेटल्या तर नेहमीसारखी चौकशी केली. नवव्या दिवशी मी पाने लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती नोंदवहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली, एका ठिकाणी माझा आकडा चुकला होता तो दाखवला, आणि सही केली.

साहेबांनी दोघांना बोलावून घेतले. "येमुलबाई, तुम्ही ग्रंथपाल आहात. संशोधक नाही."

"म्हणूनच विचारलं, साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "पीक का गेलं ते मला सांगता येणार नाही. बारा शेतांची नऊ झाली, एवढंच मला दिसतं."

"हे परिशिष्ट छापलं जाणार नाही."

"तो तुमचा अधिकार आहे. मग मी दाखल नोंदीत लिहीन, 'अहवाल अपूर्ण, मूळ नोंदवही सोबत पाहावी.' ते माझं काम आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "बिराजदार, ही पानं तुम्ही लिहिलीत?"

मी म्हणालो, "हो, साहेब. पेरणी वेळेवर झाली होती. मी तिथं होतो."

"जा तुम्ही दोघंही," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी ताईंची नेमणूक भांडारात झाली. पोती, खोरी, फवारणीचे पंप यांची मोजदाद करायचे काम. ग्रंथालयाची किल्ली दुसऱ्याकडे गेली आणि ते आठवड्यातून दोनदा उघडू लागले. माझे कायम होण्याचे कागद पुढे सरकले नाहीत. मी ताईंची क्षमा मागायला भांडारात गेलो तेव्हा त्या पोत्यांच्या थप्पीवर खडूने क्रमांक घालत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही 'मी तिथं होतो' म्हणालात ना? मग क्षमा कशाची? बरं झालं आलात, ही थप्पी मोजायला मदत करा." आम्ही दोघांनी ती मोजली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होते, ते त्यांनी लपवले नाही. पण तक्रारीचा एकही शब्द काढला नाही.

जवळजवळ आठ महिने असेच गेले. पेरणीचे दिवस आले आणि त्या वाणाचे बी गावोगाव वाटायची तयारी सुरू झाली. त्याआधी साहेब जिल्ह्यात एक फेरी मारायला निघाले, मी बरोबर होतो. गाडी त्या तीन शेतांपैकी एकाजवळून जाणार होती. मी काही बोललो नव्हतो, साहेबच म्हणाले, "इथं थांबवा." शेताच्या मालकीण एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिले आणि सरळच बोलल्या. "सायेब, तुमचं बी चांगलं हाय. खालच्या काळ्या रानात लई झ्याक आलं, म्या बघितलं की. पर आमच्या मुरमाला न्हाय चालायचं त्ये. आता फुडं कुनाला देताना तेवढं सांगून द्या. आमचं कणीस पोचट गेलं त्ये गेलं."

साहेब वाकले, मूठभर माती हातात घेतली, बोटांनी चुरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी परिशिष्ट मागवले आणि त्याच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'हलक्या जमिनीसाठी या वाणाची शिफारस करू नये.' खाली सही केली. त्याच आठवड्यात ताई ग्रंथालयात परत आल्या, आणि माझे कायम होण्याचे कागदही पुढे सरकले. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. पण निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही अहवाल ताईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय छपाईला पाठवला नाही. आठ महिन्यांच्या रागानंतर एखादा अधिकारी जमिनीवर वाकतो, आपली सही आपणच दुरुस्त करतो, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्याविषयीही आज माझ्या मनात आदर आहे.

त्या वर्षी नव्या वाणाच्या सारांशात जमिनीचा प्रकार ठळक अक्षरांत आला. आमच्या वडिलांनी खालच्या रानात नवे बी पेरले आणि मुरमाड तुकड्यात जुनेच ठेवले. कानडी सारांश आईने दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्यांना सांगितला होता. त्यामागे काय घडले ते मी त्यांना फार उशिरा सांगितले.

ताईंचा लोभ कसा असतो त्याचीही एक आठवण सांगितली पाहिजे. मी पीएच.डी. करत होतो तेव्हा मला काही जुने तक्ते हवे होते, ते फक्त पुण्यातल्या एका ग्रंथालयात होते आणि तिथून पुस्तक बाहेर देत नसत. ताई भाचीच्या लग्नासाठी पुण्याला गेल्या होत्या. परतल्यावर त्यांनी माझ्यापुढे बावीस पाने ठेवली, सगळी हाताने उतरवलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला जायचे सोडून त्या तिथे बसल्या होत्या. भाची अजून त्यावरून त्यांना टोचून बोलते. प्रबंधात त्यांचे आभार मानायचे म्हटले तर म्हणाल्या, "माझं नाव नको. तक्ते कुठून घेतले ते नीट लिहा, म्हणजे पुढच्याला सापडतील."

या लेखासाठी मी ताईंना भेटलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "उजनीचं लिहिलंत का?" मी म्हणालो, ते या प्रसंगी कशाला. त्या नाराज झाल्या. "चांगलं तेवढंच निवडून लिहिणार असाल तर माझ्याकडे काय शिकलात?" म्हणून लिहितो.

उजनीच्या जलाशयाकाठच्या एका गावात केंद्राने पाणी उपसणाऱ्या मोटारींची पाहणी केली होती. कुणाची मोटार किती अश्वशक्तीची, किती तास चालते, सगळे नावानिशी. ताईंनी तो तक्ता नेहमीप्रमाणे उघड केला आणि त्याची प्रत गावच्या फलकावर लागली. दोन भावांची मोटार सामाईक होती. थोरल्याने धाकट्याला सांगितलेले तास वेगळे आणि पाहणीत सांगितलेले वेगळे निघाले. महिन्याभराने धाकट्या भावाच्या पत्नी केंद्रात आल्या. "बाई, तुमचा कागद चावडीवर लागला आन् आमच्या घरात दोन चुली झाल्या," एवढेच म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

ताई पुढच्या रविवारी एसटीने त्या गावी गेल्या. मीही सोबत होतो. थोरल्या भावाच्या केळीच्या बागेजवळ आम्ही बसलो. ताईंनी हात जोडले आणि चूक झाल्याचे सांगितले. थोरल्याने केळीचे एक वाळके पान ओढून बाजूला टाकले. मग म्हणाला, "कागदात खोटं काय न्हाय, बाई. पर मी त्यो आकडा तुमच्या सायबाला सांगितला व्हता. गावाला न्हाय."

ताई परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत राहिल्या. सोलापूर जवळ आल्यावर म्हणाल्या, "माहिती लोकांची असते असं मी उठता-बसता सांगते. पण ती आधी एका माणसाची असते, हे माझ्या लक्षात आलं नाही." त्यानंतर आमच्या प्रत्येक पाहणीच्या अर्जावर एक प्रश्न वाढला: ही माहिती तुमच्या नावासह दाखवली तर चालेल का? नावे गाळून आकडे द्यायची रीत ताईंनी तेव्हा घालून दिली. ते दोघे भाऊ काही वर्षांनी एकमेकांशी बोलू लागले. चुली मात्र दोनच राहिल्या, आणि ताई हे कधी विसरल्या नाहीत.

ताई निवृत्त झाल्या, आणि काही वर्षांनी आमचे केंद्र दुसऱ्या संस्थेत विलीन झाले. इमारत रिकामी करायची होती. जुने कागद रद्दीत काढण्याचे ठरले. मी तेव्हा बदलीच्या गावी होतो. ताईंना कळले तेव्हा त्या गुडघ्याला पट्टा बांधून रिक्षाने केंद्रात गेल्या आणि तिथल्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "मला एक महिना द्या. त्यातलं जे दुसऱ्या कुठंही नाही ते बाजूला काढते, उरलेलं खुशाल विका." महिनाभर त्या रोज गेल्या. त्यांचे जुने वाचक मदतीला आले: शेतकरी, शिक्षक, दोन-तीन विद्यार्थी. शहरातल्या एका महाविद्यालयाने मागच्या दोन खोल्या दिल्या. टेम्पो भरून नोंदवह्या तिथे गेल्या. मग वयाच्या सत्तरीकडे झुकताना ताई स्कॅनर चालवायला शिकल्या. आज त्या नोंदवह्यांची पाने घरबसल्या मोबाइलवर उघडतात, नावे झाकून, आणि प्रत्येक पानाखाली मूळ वही कोणत्या कपाटात आहे तेही लिहिलेले असते.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेलो होतो तेव्हा एक तरुण संशोधक बसले होते. कोणत्या जमिनीतली ओल आधी संपते याचा ते अभ्यास करत होते. त्यांना अनेक वर्षांच्या नोंदी हव्या होत्या. "पूर्ण नोंदी मिळाल्या तेवढं बरं झालं," ते मला म्हणाले, "फसलेल्या चाचण्या सहसा कुणी ठेवत नाही." ताई पलीकडे भिंग लावून एक फिकट झालेला आकडा वाचत होत्या. त्यांनी ऐकले असावे, पण मान वर केली नाही. त्यांचा तो आकडा अजून लागत नव्हता.

ताई आजही मंगळवारी आणि शुक्रवारी सात रस्ता चौकातून रिक्षा करून त्या खोल्यांत जातात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाच्या गोळ्या त्या वेळेवर घेतात असे त्यांच्या सूनबाईंचे मत नाही. वृत्ती मात्र तीच. परवा मी विचारले, अजून किती नोंदवह्या राहिल्या? त्यांनी कपाटांकडे पाहिले, मनाशी आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "या वेगानं अकरा वर्षं लागतील."

ताई, तुमच्या आकड्यावर शंका घेण्याची आमची प्राज्ञा नाही. ती अकरा वर्षे तुम्हाला स्वच्छ दृष्टीची, चालत्या गुडघ्यांची आणि स्वस्थ मनाची मिळोत, हीच आम्हा सर्वांची प्रार्थना. आणि आमची एक विनंती आहे. काम जरा सावकाश करा.